मुकादमाचा बिल्ला

पितळ घासून घासून मधला आकडा पार पुसला होता, वरचं भोक मात्र शाबूत — त्यातून ओवलेली सुतळी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली आणि जुडगा रुक्मिणीच्या कमरेला, त्यामुळे ती वाकली की बिल्ला आधी हंड्याला लागायचा, मग मोरीच्या कठड्याला, आणि टण्ण असा आवाज झाला की खाटेवरचा म्हातारा मान वळवायचा. कुत्र्याने वळवावी तशी. रुक्मिणीच्या मनात अगदी हेच यायचं. नवऱ्याबद्दल असलं काही मनात आलं की पूर्वी ती आपली आपण जीभ चावायची. हल्ली नाही चावायची.

"बघू नका. मिळायचा नाही," ती म्हणाली.

दत्तारामने उजवा हात पुढे केला. तळवा वर.

हे त्याचं रोजचं झालं होतं. सकाळ नाही, दुपार नाही, हात पुढे. लालबागच्या गिरणीत, साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, हा माणूस मुकादम होता आणि हा बिल्ला त्याच्या खिशात असायचा. कुणा साचेवाल्याला लघवीला जायचं असलं तर मुकादमाकडून बिल्ला मागून घ्यायचा, तो संडासाच्या दारावरच्या भय्याला दाखवायचा, येऊन परत द्यायचा, मग दुसऱ्याने जायचं. बिल्ल्याशिवाय भय्या आत सोडत नसे. एवढुशा पितळेवर हा माणूस राजा झाला होता. संपात गिरणीला टाळं लागलं, लालबागची खोली गेली, ही सगळी वरात भांडुपला टेकडीखालच्या चाळीत आली, पण येताना हा पठ्ठ्या काय घेऊन आला? भांडी नाही, देव नाही. बिल्ला!

मग गेल्या दिवाळीआधी झटका आला. तोंड वाकडं झालं, पाय भिंत धरून चालण्यापुरते राहिले, आणि बोलणं गेलं ते गेलंच. ज्या तोंडातून जन्मभर साचेवाल्यांच्या आयाबहिणी निघाल्या, त्यातून आता "हं" निघायचं आणि लाळ. त्याचं रुक्मिणीला फार वाईट वाटलं असं काही नाही. पण वरचं बंद झालं आणि खालचं सुरू झालं... दवाखान्यातून आला तो ट्रंकेतून बिल्ला काढून खाटेच्या लोखंडी दांड्यावर वाजवत बसला — टण्ण टण्ण टण्ण, दिवसभर. तिने पहिल्याच आठवड्यात तो हिसकावून घेतला आणि कमरेला लावला. तेव्हापासून हा हात पुढे. मुकादमी परत पाहिजे. लेंगा ओला, पण मुकादमी पाहिजे.

"गिरणी बंद झाली," ती हंडा घासता घासता म्हणाली. "तुमचे साचेवाले कोण रिक्षा चालवतात, कोण भाजी विकतात. कोणावर करणार मुकादमी? माझ्यावर? ती झाली करून."

"हं," दत्ताराम म्हणाला. हात तसाच.

तिने त्याला बखोटीला धरून उठवलं आणि दारातल्या स्टुलावर उन्हात बसवलं. गादीवरून उठवणं महत्त्वाचं. गादी आता सगळ्यात महत्त्वाची होती.

जुनी कापसाची गादी कुजली तेव्हा सूनबाईंनी नाकाला पदर लावून ती खाली टाकायला लावली आणि फोमची नवीन आणली. फोमची! कापूस असता तर पिंजून घेता आला असता, उन्हात घालता आला असता. फोम म्हणजे काय, तर नुसतं शोषून घेणारं लबाड पांढरं काहीतरी, जे एकदा प्यायलं की जन्मभर ते पोटात ठेवून वास मारणार. खाली लाल रबर घालायचे, पण त्याने म्हाताऱ्याच्या पाठीला फोड आले, म्हणून डॉक्टरने रबर बंद करायला सांगितलं होतं. म्हणजे आता त्या फोमच्या आणि मुताच्या मध्ये एक जुनं लुगडं आणि रुक्मिणी, एवढंच.

"आई, ही शेवटची हं," अनुपमा म्हणाली होती. गोड आवाजात. अंधेरीच्या ऑफिसात टेलिफोनवर बोलून बोलून तिचा आवाज सगळ्यांशी सारखाच गोड झाला होता. "ही खराब झाली ना, तर मग मी कोणाचं ऐकणार नाही. तुम्ही आणि बाबा गावी. कुडाळच्या एसटीत मी स्वतः नेऊन बसवीन."

आणि सहदेव, पोटचा गोळा, टीव्हीकडे बघत होता. टीव्ही बंद होता.

गावी काय आहे? दिराचं बंद घर, अर्धी कौलं उडालेली, विहिरीला रहाट, आणि संध्याकाळी बोलायला भिंतीवरची पाल. पाल ऐकते, पण दाद देत नाही. रुक्मिणीला दाद लागायची. या गॅलरीत सकाळी दार उघडलं की कान टांगलेले असायचे ओळीने, लागेल तेवढं ओतावं... ते सोडून त्या उंबऱ्यात जाऊन बसायचं, या हात पुढे केलेल्या माणसाबरोबर, आणि कुणाला काही सांगायचं नाही? त्यापेक्षा मेलेलं बरं. मेल्यावर निदान लोक जमतात तरी.

स्टुलाखाली पाणी आलं. आधी एक रेघ, मग रेघेचा ओहोळ, तो गॅलरीच्या उताराने निघाला थेट शेजारच्या मालनच्या दाराकडे. दत्तारामचा हात अजून पुढेच होता. मग तो त्याने हळूच मांडीवर ठेवला, आणि खाली बघत बसला, जसं काही ते पाणी दुसऱ्याच कुणाचं आहे.

"वा मुकादम," रुक्मिणी म्हणाली. "झकास!"

डॉक्टर म्हणाला होता, लागायची वाट बघू नका, थोड्या थोड्या वेळाने उठवून न्या. सांगायला त्याचं काय जातंय, त्याला कुठे उठवायचंय? नेलं की हा मोरीत उभा. भिंतीकडे बघत. थेंब नाही. ती "करा, करा" म्हणत बाहेर उभी, पोराला म्हणावं तसं शू-शू करून झालं, नळ सोडून झाला. नाही. तिच्याकडे वळून हात पुढे करायचा, बस. आणि खाटेवर आणून टेकवला रे टेकवला की सोडून द्यायचा. याला मुद्दामपणा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? म्हणून मग रुक्मिणीने स्वतःचं शास्त्र काढलं होतं — जे आत जाणार नाही ते बाहेर येईल कुठून? चहा बंद. ताक बंद. पाणी अर्धं फुलपात्र, तेही जेवल्यावर. तरी यायचं! थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, पिवळं जर्द, आणि वास असा की घासलेट बरं. याच्या अंगातून पाणीसुद्धा याच्यासारखंच निघतं, तिला वाटायचं, आटलेलं आणि उग्र.

लेंगा पिळून ती दोरीवर टाकत होती तेव्हा मालन आलीच. मालन म्हणजे शेजारची; दात घासता घासता दुसऱ्याच्या दोरीवरचे कपडे मोजायचे, ही तिची सकाळची पूजा.

"काय मावशी, सकाळी सकाळी? आणि लेंगाच परत?"

"औषध आहे त्यांचं."

"लेंगा?"

"ओला लेंगा. सावंतवाडीला वैद्य होता एक. संस्थानच्या हत्तीचं अंग वाऱ्याने गेलं होतं, उठेना. राजा रडतोय, राणी रडतेय. या वैद्याने काय केलं, धोतरं भिजवली आणि हत्तीला गुंडाळली. सुकली की परत ओली. आठ दिवसांत हत्ती उभा."

"हत्तीला धोतर?"

"मग काय लुगडं नेसवणार? नर होता तो."

मालनने खदाखदा हसत पिचकारी मारली. "मग पुढे काय झालं त्याचं?"

"कोणाचं, हत्तीचं? चालायला लागला तो थांबेचना. बांद्यापर्यंत गेला. तिथल्या नाक्यावर त्याला अडवला, म्हणाले कागद दाखव. तर याने सोंडेने धोतर काढून दिलं पोलिसाच्या हातात."

"मावशी, तुझं ना!" मालन डोळे पुसत म्हणाली. आणि मग, आत जाता जाता, अगदी सहज, "पण हत्तीच्या औषधाला वास पण हत्तीचाच येतो गं. माझ्या दारापर्यंत आलाय बघ."

रुक्मिणीने फडकं घेतलं आणि मालनच्या दारासमोरचं पुसलं. गुडघ्यावर बसून. मालन आतून बघत होती हे तिला न बघता कळत होतं. हसून घे, तिने मनात म्हटलं. तुझा नवरा आज चालतोय म्हणून चालतोय. उद्या तोही बसेल असाच, तेव्हा तुला हत्ती सुचायचा नाही, उंदीरसुद्धा सुचणार नाही... पण फडकं पिळताना तिच्या हाताला तो वास होता, आणि गोष्ट कितीही लांब नेली, अगदी बांद्याच्या पुढे गोव्यात नेली, तरी हाताचा वास तिथे पोचत होता.

दुपारी तिने त्याला पेज भरवली, गादीवर बसवून, मांडीखाली लुगड्याच्या चार घड्या. अर्धं फुलपात्र पाणी. त्याने ते एका घोटात संपवलं आणि रिकामं फुलपात्र चाटलं. जिभेला पांढरा थर होता. ती दुसरीकडे बघत राहिली.

कारखान्याचा भोंगा झाला. भांडुपला कुठून ना कुठून भोंगा व्हायचाच, आणि भोंगा झाला की याचा हात हमखास. तळवा वर.

"नाही."

"हं."

"नाही म्हटलं ना. गिरणी बंद आहे."

"हं. हं." आणि मग त्याने डावा हात, तो अर्धा मेलेला, उचलून उजव्याखाली धरला. दोन्ही हात. ओंजळ. हे नवीन होतं. तिची नजर हातांवरून खाली गेली आणि तिला त्याचे गुडघे दिसले. एकमेकांवर घट्ट दाबलेले, थरथरणारे. गुडघ्यांकडे तिने आजवर बघितलंच नव्हतं; हाताचाच एवढा राग यायचा की खाली बघायला सवड कुठे होती?

गादी!... एवढंच आधी तिच्या डोक्यात आलं. गादी, फोम, कुडाळची एसटी, पाल. धरून उठवायला गेली तर तो उठेना, हात मागे घेईना. तिने रागाने सुतळी तोडली आणि बिल्ला त्याच्या ओंजळीत फेकला.

"घ्या! घ्या तुमचं राज्य! गिळा!"

दत्तारामने बिल्ला मुठीत धरला. आणि उठला. कुणी न धरता — भिंत, कपाट, पडद्याचा बांबू असं चाचपत तो मोरीपर्यंत गेला. मोरीच्या तोंडाशी थांबला, तिथे नसलेल्या कुणाला तरी बिल्ला दाखवला, आणि आत गेला. मग आवाज आला. धार. लेंग्यातून झिरपणारी टिपटिप नाही — चांगली दगडावर पडणारी, पुरुषाची, लाज नसलेली धार.

रुक्मिणी उभी होती तिथेच उभी.

तो बाहेर आला. लेंगा कोरडा, नाडी लोंबतेय. भिंत धरत धरत तिच्यासमोर आला आणि त्याने बिल्ला तिच्या हातात ठेवला. मान खाली. मग खाटेशी जाऊन बसला आणि बोटांनी हवेत काहीतरी जोडायला लागला, तुटलेला धागा जोडावा तसं, भराभर, कुणी बघायच्या आत.

परत दिला.

ज्याला राज्य पाहिजे तो परत देईल कशाला?

मग तिने एक काम केलं जे ती कुणाला सांगणार नव्हती. फुलपात्र भरलं, पूर्ण, काठोकाठ, आणि त्याच्या तोंडाला लावलं. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, खरंच का, असं, आणि मग प्यायला. अजून एक दिलं. मग ती समोर पाटावर बसली, मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तशी, आणि वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने त्याचे गुडघे जवळ आले. हात पुढे आला. तिने बिल्ला दिला. गेला, आला, परत दिला. मान खाली.

म्हणजे हा मुकादम नाहीच. कुठल्या कुठे गेला तो मुकादम! या डोक्यात उरलाय तो साचेवाला आहे कुणीतरी, गरीब, मुकादमाला भिणारा, आणि मुकादम...

तिने कमरेच्या जुडग्याकडे बघितलं.

काशीराम आठवला. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. जेवताना ऐकलेला. नवीन लग्न झालेलं, ती वाढत होती आणि दत्ताराम सांगत होता, घास मध्येच धरून, हसत हसत — काशीराम म्हणून नवा साचेवाला, गावाहून येताना मासे नाही आणले, सुका सलाम ठोकतो, तर आज आला बिल्ला मागायला. बिल्ला तर माझ्या खिशातच. मी म्हटलं, थांब रे, आदीचो येवंदे. आधी कोण गेलाच नव्हता! तो उभा. परत आला, मुकादम, बिल्ला. थांब रे, आदीचो येवंदे. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचं धोतर... आणि इथे दत्ताराम असा हसला की आमटी नाकात गेली. खोलीत पैसे देऊन राहणारे-जेवणारे गाववाले पण हसले. रुक्मिणी पण हसली. तिने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि आमटी वाढली.

मी? मी कशाला हसले? मला काय त्यात हसण्यासारखं होतं? तेच गाववाले, रात्रपाळी करून आलेले, दुपारभर दारापर्यंत आडवे पडलेले असायचे, आणि संडास गॅलरीच्या टोकाला. बाप्यांना ओलांडून बाई जाणार कशी? मग नवऱ्याकडे बघायचं. तो विडी ओढत ठरवणार. "धर जरा. ते उठांदेत." सहदेव पोटात होता तेव्हासुद्धा, "धर जरा." मी धरायची. मांड्या आवळून तांदूळ निवडायची. एक खडा, दुसरा खडा... आणि ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही, गॅलरीत हत्ती सांगितला, घोडा सांगितला, विहिरीतून निघालेली जटावाली बाई सांगितली, पण ही नाही. हिला दाद मिळाली नसती.

ऊन भिंतीवरून सरकत खाटेखाली गेलं. गादी कोरडी होती. रुक्मिणीने तळहाताने दाबून बघितलं, लुगडं काढून बघितलं, वाकून वास घेतला. नुसता दुकानाचा वास. अनुपमाबाईंनी येऊन हुंगावं आता, नाक घालावं फोममध्ये, आणि शोधावं! कुडाळची एसटी रुक्मिणीशिवाय जाऊ दे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने चहा टाकला दोघांचा, आणि त्यालाही दिला, कपभर, बशीत ओतून. तो फुर्र फुर्र प्यायला. वर पाणी प्यायला. पी, तिला वाटलं, पी लागेल तेवढं, आता कळ माझ्याकडे आहे.

बिल्ला तिने पुन्हा जुडग्यात बांधला नव्हता. मुठीतच होता. दुपारभर धरून धरून पितळ तापलं होतं, अंगातलाच एखादा अवयव असल्यासारखं.

दिवेलागणीला हात पुढे आला.

तिने बघितलं. हात, मग गुडघे. गुडघे जवळ येत होते. दोन फुलपात्रं, एक कप चहा, आणि वर पाणी — तिला पक्कं ठाऊक होतं आत किती आहे. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. असं कुणी कधी बघितलं होतं तिच्याकडे? सहदेवने? सुनेने? मालनने? ती सगळी ऐकतात, हसतात आणि आपापल्या दाराआड जातात. हा जाणार नाही. तिच्या एका मानेच्या हलण्यावर हा सगळा माणूस, विडी, शिव्या, मिशा, जन्मभराचा गुर्मीचा माणूस, टांगलेला होता.

जिन्यावर अनुपमाच्या टाचांच्या चपला वाजल्या. खालच्या मजल्यावर थांबल्या, कुणाशी तरी गोड बोलणं सुरू झालं.

द्यावा. आता द्यावा. मोरी चार पावलांवर, बिल्ला मुठीत, मूठ उघडायला कितीसा वेळ लागतो?

"थांब रे," रुक्मिणी म्हणाली. "आदीचो येवंदे."

उभ्या जन्मात तिने त्याला 'रे' म्हटलं नव्हतं. 'अहो'च्या खाली कधी उतरली नव्हती, मनातल्या मनात कुत्रा म्हणतानासुद्धा. आणि तो — थांबला. वाईट वाटून नाही, रागावून नाही. बरोबर आहे, आधीचा यायला हवा, अशा समजूतदारपणे त्याने मान हलवली, हात तसाच धरला, आणि गुडघे अजून आवळले. ओठ आत घेतले. कपाळावर घाम आला होता.

तिच्या पोटात काहीतरी गोड, गरम, हळूहळू वर येत होतं. आमटी वाढताना जे हसू आलं होतं तेच. पण तेव्हा ते त्याचं होतं आणि हिच्या तोंडावर नुसतं पडलं होतं. आता ते हिच्याच आतून येत होतं, कुणाचं बघून नाही. म्हणजे हे इतकं चांगलं लागतं, तिला वाटलं. म्हणून करायचा... आणि लगेच तिला त्याची किळस आली, नेहमीसारखी, हमखास येणारी. पण या वेळी ती खाटेपर्यंत गेलीच नाही. इथेच राहिली, मुठीपाशी, ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटून.

चपला पुन्हा वाजायला लागल्या. वर येत होत्या.

दत्तारामच्या तळव्यावरच्या रेघा दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसत होत्या, धाग्यांनी कापलेल्या, जुन्या — म्हणजे मुकादम व्हायच्या आधी हाही साचेवाला होता, हाही कुणापुढे हात करून उभा होता, आणि हे त्याने जेवताना कधी सांगितलं नव्हतं. मूठ उघडायला हवी होती. उघडेल, आत्ता उघडेल, तिला खात्री होती. फक्त तिच्या आत बसून कुणीतरी, पाय पसरून, विडी ओढत म्हणत होतं — जरा... अजून जरा...